पुसून न निघणारी तीट

आमच्या गावदेवीच्या देवळाची स्मरणिका निघते आहे आणि भक्तांनी आपापले अनुभव लिहून द्यावेत असं ठरलं आहे. मला सांगायला जे आले त्यांनी सोबत सूचनाही दिल्या. सुरुवात "आईच्या कृपेने" अशी करायची, मध्ये एखादं स्वप्न घालायचं, शेवटी जयजयकार. मी यातलं काहीही करणार नाही. मला स्वप्न पडलं नव्हतं. त्या दिवसांत झोपच येत नव्हती, तर स्वप्न कुठून पडणार? उलट मी देवीशी भांडलो होतो, तिच्या तोंडावर, भर दुपारी, आणि ते भांडण मी अजून मागे घेतलेलं नाही. ज्यांना हे छापवत नसेल त्यांनी पान कोरं सोडावं. देवीला सगळं ठाऊक आहे, ती तिथेच होती.

आमचं गाव भिवंडीजवळ, कोनच्या बाजूला. वडिलांच्या वेळी भातशेती होती, माझ्या वेळी तिची गोदामं झाली. भाडं येतं, मी पांढरे कपडे घालून फिरतो, लोक शेठ म्हणतात आणि मी ते ऐकून घेतो. शेतीतलं मला काही कळत नाही, पण शेतकऱ्याचा अभिमान मात्र वडिलांकडून पूर्ण आलेला आहे. गणपतीच्या आदल्या दिवशी सुवर्णा, म्हणजे माझी बायको, म्हणाली की फुलांबरोबर दुर्वाही धामणकर नाक्यावरून घेऊन या. एवढ्याशा गोष्टीवर मी भाषण ठोकलं. ज्या घराण्यानं पिढ्यानपिढ्या भात पिकवला त्यानं बाजारातलं गवत विकत आणून गणपतीला वाहायचं? दुर्वा आपल्या रानातली येईल. असं म्हणून मी स्कूटर काढली आणि मागे तन्वीला बसवलं. तन्वी आमची मुलगी, तेव्हा दुसरीत होती.

आता "आपलं रान" म्हणजे काय, तर गोदामाच्या मागची एक पट्टी. तिथे कमरेएवढं गवत, मोडक्या लाकडी फळ्यांचा ढीग आणि त्यात सुखानं नांदणारे उंदीर. मी वाकून दुर्वा खुडायला लागलो तोच भाडेकरूचा फोन आला, गोदामाचा पत्रा गळतो म्हणून. मी एका हातानं गवत उपटत दुसऱ्या हातानं त्याच्याशी हुज्जत घालत राहिलो. तन्वी कंटाळली. तिनं माझा टॉवेल गवतावर पसरला आणि त्यावर आडवी होऊन वर उडणारे चतुर बघत बसली. टॉवेल छोटा, पोर लांब. डोकं गवतातच. मला ते दृश्य इतकं आवडलं की फोन ठेवल्या ठेवल्या मी फोटो काढला आणि "मातीशी नातं" असं लिहून सगळ्यांना पाठवला. खूप लोकांनी हात जोडले, अंगठे दाखवले. घरी आल्यावर आईनं माझी जुडी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाली, "बाला, ही दुर्वा न्हाय. ही म्हशीच्या पुढं टाकलीस तर ती बी मान फिरवील." सुवर्णानं फ्रिजमधून नाक्यावरच्या दुर्वांची पुडी काढली. तिनं ती सकाळीच आणून ठेवली होती.

विसर्जन झालं, पितृपंधरवडा सुरू झाला आणि तन्वीला ताप आला. त्या दिवसांत भिवंडीत ताप नाही असं घर शोधूनच काढावं लागतं, त्यामुळे आम्ही घाबरलो नाही. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तापाचं औषध दिलं. ताप उतरायचा, घाम यायचा, आणि औषधाचा असर संपला की पुन्हा चढायचा. खोकला नाही, सर्दी नाही. डोकं दुखतं म्हणून रडायची, डोळे लाल. रक्त तपासलं. मलेरिया नाही, डेंग्यू नाही, टायफॉइड "थोडासा दिसतोय". या थोड्याशाला धरून आम्ही लहान मुलांच्या एका छोट्या हॉस्पिटलात तिला दाखल केलं. सलाइन लागली, इंजेक्शनं सुरू झाली, पण ताप हटेना. चेहरा सुजल्यासारखा झाला, पोट फुगलं, अंगावर बारीक लालसर पुरळ उमटलं. बोलता बोलता वाक्य अर्धं सोडून झोपायची. सगळ्यात जास्त भीती मला त्या अर्ध्या वाक्यांची वाटायची.

तिथल्या डॉक्टर मॅडम माझ्यापेक्षा वयानं लहान आणि बोलायला त्याहून कमी. मी मात्र दोघांच्या वाटचं बोलत होतो. ओळखीच्या प्रत्येकाला फोन लावला आणि प्रत्येकानं जे सांगितलं ते घेऊन आलो. पपईच्या पानांचा रस आणला, शेळीचं दूध आणलं, पेटीभर कीवी आणली. तन्वीला पाणी पोटात ठरत नव्हतं आणि मी कीवी सोलत होतो. रक्त न्यायला आलेल्या माणसाला "नीट काढ, रिपोर्ट नीट येत नाहीत" म्हणून दटावलं. शेवटी मॅडम शांतपणे म्हणाल्या, "शेठ, तुम्ही थोडा वेळ बाहेर बसा. तुम्ही आत असलात की माझा ताप वाढतो."

आईचं निदान पहिल्या दिवसापासून तयार होतं. नजर. फोटो सगळ्यांना पाठवणारा बाप असल्यावर दुसरं काय होणार, असं ती माझ्याकडे न बघता म्हणायची. पण एका गोष्टीनं तिला बरं वाटत होतं. आमच्या घरी मूल चारचौघांत न्यायचं तर कानामागे काजळाची तीट लावायची रीत आहे, केसांच्या आड, कोणाला दिसू नये अशी. सुवर्णा शिकलेली, नोकरी केलेली, तिला हे फारसं रुचत नाही, आणि यावरून सासू-सुनेत वर्षानुवर्षं न बोलता चाललेला एक वाद आहे. पण हॉस्पिटलात तन्वीच्या उजव्या कानामागे काळा ठिपका दिसला आणि आई माझ्या कानात पुटपुटली, बघ, सून शहाणी झाली. मीही खूष झालो. निदान एका बाबतीत घरात समेट झाला. सिस्टर ओल्या फडक्यानं तन्वीचं अंग पुसायची तेव्हा तेवढा ठिपका सोडून पुसायची. तीट कोणी पुसत नाही. ते सांगावं लागत नाही.

मग एका दुपारी मॅडमनी मला आणि सुवर्णाला बाहेर बोलावलं. प्लेटलेट उतरताहेत, लिव्हर सुजलं आहे, आणि आपण देतोय त्या औषधाला ताप जुमानत नाही. उद्या सकाळपर्यंत फरक पडला नाही तर मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात हलवावं लागेल, कदाचित अतिदक्षता विभागात. मी विचारलं, झालंय काय तिला? "काहीतरी आहे जे माझ्या हाताला लागत नाहीये," असं त्या म्हणाल्या. खोटा धीर त्यांनी दिला नाही, त्याचा तेव्हा मला फार राग आला होता.

आईनं पदराआडून नारळ काढून माझ्या हातात दिला. पितरं चालू असोत नाहीतर काही असो, जा, गावदेवीला दे, पदर पसर, अंगारा घेऊन ये. मी निघालो. दुपारची वेळ, पुजारी मागच्या खोलीत झोपलेले, जाळीचं दार लावलेलं. पायरीशी संगमरवराच्या लाद्या, त्या मी दिलेल्या, आणि तसं लिहिलेली पाटीही मीच हट्टानं लावून घेतलेली. ती नेमकी चपला काढायच्या जागी आली आहे, त्यामुळे माझ्या नावावर गावच्या चपला असतात. मी माझ्याही तिथेच काढल्या आणि जाळीपाशी उभा राहिलो. आमची देवी म्हणजे शेंदूर लावलेली शिळा, चांदीचे डोळे, आणि हनुवटीवर काजळाचा ठिपका. पुजाऱ्यांच्या घरातून तो रोज लावला जातो. एवढी माणसं दर्शनाला येतात, तिला दृष्ट लागू नये म्हणून.

पदर पसरायला गेलेलो मी, पण तो ठिपका पाहिला आणि माझं डोकं फिरलं. काय काय बोललो ते सगळं लिहिण्यासारखं नाही. सार एवढंच, की तू एवढी मोठी, गावाला राखणारी, आणि तुला स्वतःला माणसांच्या काजळाचा आधार लागतो. माझ्या पोरीलाही तेच काजळ लावलंय, तुझ्या भरवशावर. ती तिकडे वाक्यं अर्धी सोडते आहे आणि तू इकडे चांदीचे डोळे लावून बघत बसली आहेस. लाद्या घेतल्यास, नवसाचे कोंबडे घेतलेस, माझी चूक झाली असेल तर मला धर, ती तर गवतात नुसती चतुर बघत होती. मग मी जे बोललो ते मात्र शब्दाला शब्द आठवतं.

"हा नारळ मी फोडणार नाही. अंगारा नेणार नाही. आणि तिच्या कानामागची तीट मी आत्ता जाऊन पुसून टाकणार आहे."

एवढं बोलून नारळ काखेत मारून मी परतलो. नाक्यावर नेहमीसारखा ट्रॅफिक तुंबलेला. शेअर रिक्षावाले आणि टेम्पोवाले एकमेकांच्या सात पिढ्या काढत होते. मी त्या सगळ्यांत मिसळून गेलो, कारण माझंही तोंड चालूच होतं.

खोलीत आई बाकावर बसल्या बसल्या पेंगत होती, सुवर्णा तन्वीचे पाय चेपत होती. मी नारळ खिडकीत ठेवला, रुमाल ओला केला, तन्वीचे केस बाजूला सारले आणि कानामागे घासायला लागलो. सुवर्णानं माझा हात धरला. "अहो, काय करताय? आईंनी लावलीय ती."

आई खडबडून जागी झाली. "म्या कवा लावली? म्या न्हाय लावली. तूच लावलीस ना?"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. माझा रुमाल तिथेच. त्यावर काळं काहीच आलं नव्हतं. मी बोटानं चाचपलं. ठिपका कडक होता. ती खपली होती. विडीचं जळतं टोक टेकवावं तशी काळी, कडेनं लालसर. आणि एवढं घासूनही तन्वी हूं की चूं करत नव्हती. तिला तिथे दुखतच नव्हतं.

मॅडमना बोलवायला कोणाला जावं लागलं नाही, माझा आवाज तिथवर गेला होता. त्या आल्या, टॉर्च लावून वाकल्या आणि बराच वेळ वर बघितलंच नाही. मग मानेवर बोटं फिरवली, खाली एक गाठ होती. त्यांनी विचारलं, मधल्या काळात ही कुठे गवतात, झाडीत गेली होती का? मी फोन काढला आणि फोटो पुढे धरला. मातीशी नातं. मॅडमनी तो नीट पाहिला. मी शिव्या खायच्या तयारीनं उभा होतो. "टॉवेल तरी मोठा न्यायचा," एवढंच म्हणाल्या, आणि सिस्टरला दुसरं औषध काढायला सांगितलं.

स्क्रब टायफस हे नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. पावसानंतरच्या वाढल्या गवतात, उंदीर असतात तिथे, डोळ्याला सहसा दिसणार नाहीत असे किडे असतात, गोचिडीच्या गोतातले. त्यांची पिल्लं अंगावर चढून मऊ, झाकलेली जागा शोधतात. काखेत, जांघेत, करदोट्याखाली, कानामागे. चावलेलं कळत नाही, कित्येकदा तिथे दुखत नाही, खाजत नाही, नुसती काळी खपली धरते. ताप त्यानंतर आठवडा-दोन आठवड्यांनी येतो, तोवर गवत कोणाच्या लक्षात राहिलेलं असतं? दिसायला हा डेंग्यूसारखा दिसतो, टायफॉइडसारखा दिसतो, पण टायफॉइडच्या ज्या इंजेक्शनांवर आम्ही अवलंबून होतो ती याच्यावर चालत नाहीत. याचं औषध वेगळं, जुनं आणि साधं. मॅडम म्हणाल्या, रक्त तपासायला मुंबईला पाठवते, पण रिपोर्टची वाट बघणार नाही, औषध आत्ताच सुरू. आणि मग जे म्हणाल्या ते मी विसरणार नाही. "पहिल्याच दिवशी मी तो ठिपका पाहिला होता. लहानपणी माझी आईही मला तिथेच तीट लावायची. म्हणून मी हात लावला नाही."

तिथून त्या शेजारच्या खोलीत गेल्या. तिथे अशाच न उतरणाऱ्या तापानं आलेला एक मुलगा होता. त्याचे कान, काखा, करदोट्याखालची जागा, सगळं बघितलं. त्याला खपली कुठेच सापडली नाही. तरी त्याचंही रक्त पाठवलं. त्याच्या आईनं विचारलं तेव्हा म्हणाल्या, खपली सापडली तर वाट सोपी होते, पण सगळ्यांना सापडत नाही. नाही सापडली म्हणून सोडून द्यायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी ताप खाली आला आणि खालीच राहिला. मुंबईला हलवायची वेळच आली नाही. संध्याकाळी तन्वीनं डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि वाक्य पूर्ण केलं. "पप्पा, मला कीवी नको." आयुष्यात कोणी मला इतकं गोड झिडकारलेलं नाही. मी बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून रडलो आणि सिस्टरनं विचारलं तेव्हा डोळ्यात धूळ गेली असं सांगितलं, बंद खिडकीच्या पॅसेजमध्ये उभं राहून. मुंबईचा रिपोर्ट नंतर आला. त्यात तेच होतं.

आता राहिला तो अनुभव. गावातले जाणते म्हणतात, देवीनंच तुला आपल्या हनुवटीवरचा ठिपका दाखवला, तो दृष्टांत होता. माझा भाचा इंजिनिअर आहे, तो म्हणतो, मामा, योगायोग. दोघांनाही मी चहा पाजतो आणि गप्प बसतो, आणि मला ओळखणाऱ्यांना हाच मोठा चमत्कार वाटतो. मला फक्त एक गोष्ट राहून राहून छळते. त्या दुपारी मी गुणी भक्तासारखा वागलो असतो, नारळ फोडला असता, पदर पसरला असता आणि अंगारा घेऊन आलो असतो, तर तो अंगारा मी कुठे लावला असता? तिटेवरच. त्या खपलीवर राखेचा आणखी एक थर चढवला असता, हात जोडून, डोळे मिटून, पूर्ण श्रद्धेनं. माझी पोर वाचली ती मी ऐकलं नाही म्हणून. पण ते न ऐकणं मला सुचलं कुठे, तर तिच्याच दारात. तो राग माझा होता की तिनं माझ्यात घातला होता, हे मला कळत नाही, आणि आता मी ते शोधतही नाही. इतकी वर्षं मी तिच्यापुढे लाद्या ठेवल्या, कोंबडे ठेवले, नारळ ठेवले. त्या दुपारी पहिल्यांदा मी शेठपणा खाली ठेवला, शहाणपणा खाली ठेवला आणि जे खरं होतं तेवढंच घेऊन उभा राहिलो. शरण जाणं ते हेच असेल तर मी शरण गेलो होतो, ओरडत ओरडत का होईना.

आमच्या घरी तीट अजून लागते. आईनं ती सोडली नाही आणि सुवर्णानंही आता हरकत घेतलेली नाही. फक्त रोज आंघोळीला ती पुसून बघायची असा नियम झाला आहे. आई तर गल्लीतल्या कोणत्याही पोराला धरते आणि त्याचा कान उलटा करून अंगठ्यानं घासते. पोरं तिला बघून पळतात. गोदामामागचं गवत मी कापून घेतलं, फळ्या हलवल्या, आणि या वर्षी दुर्वा नाक्यावरून आणल्या, स्वतः जाऊन, भाव न करता.

त्या वर्षी घट बसले तेव्हा आम्ही तन्वीला देवळात नेलं. पायांत अजून बळ नव्हतं, मी कडेवर घेतलं होतं. हॉस्पिटलच्या खिडकीत पडून राहिलेला तोच नारळ मी बरोबर नेला होता. फोडला तर खोबरं पिवळं पडलेलं, वास खवट. पुजारी चपापले. म्हणाले, दुसरा देतो, हा अशुभ. मी म्हणालो, हाच ठेवा. तन्वीनं माझ्या कानात विचारलं, देवीला हा चालेल का? मी म्हणालो, चालेल. आपलं बरंच काही तिनं चालवून घेतलंय.

तन्वी देवीकडे बघत होती. मग एकदम कडेवरून पुढे झुकली आणि कोणी काही म्हणायच्या आत तिनं देवीच्या हनुवटीवर अंगठा ठेवला आणि आजी घासते तसा घासला. पुजारी हात पुढे करून तसेच राहिले. तिनं अंगठा मागे घेतला, त्यावर काजळ आलं होतं. तो तिनं मला दाखवला, मग मागे वळून आजीलाही दाखवला.

"निघाली, पप्पा. देवीला काय न्हाय झालं."

पुजारी काजळाची डबी आणायला आत गेले. मी पोरीला खाली ठेवलं, आणि मग माझे हात मोकळे होते म्हणून मी ते जोडले.